हरकाम्या कसा खेळवायचा

३ मार्च, रविवार

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही हे फाडून टाकलं नसशील, तर आता बस आणि वाच. भांडायला लिहीत नाहीये. काम आहे.

तुझा फोन लागत नाही. म्हणजे मला लागत नाही, बाकी जगाला लागतो. पत्ता तुझ्या जुन्या खोलीतल्या जोडीदाराकडून काढला. त्याच्यावर डाफरू नकोस. बिचारा दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा मी त्याला फोनवर पाऊण तास धरून ठेवलं. माझी चिकाटी तुला ठाऊक आहे.

नमनाला घडाभर तेल नको. आपल्या गेमचा जुना सर्व्हर एकतीस तारखेला बंद होतोय. ज्याने त्याने आपापले प्राणी तोवर नव्या गेममध्ये हलवावेत, नाहीतर ते पुसले जातील, असं कळवलंय. माझ्याकडे नवा गेम नाही आणि मी आता खेळतही नाही. तुझ्याकडे नवा आहे, आणि जुना कन्सोल टाकून देणारा तू नाहीस. हरकाम्या माझ्या कन्सोलमध्ये पडून आहे. देवाणघेवाणीच्या खोलीत आपण दोघं एकाच वेळी असलो तरच तो मला तुला देता येईल. दहा मिनिटांचं काम. या महिन्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी अकराला ये. मी दर रविवारी तिथे बसलेली असेन. बोलावं लागणार नाही, त्या खोलीत बोलायची सोयच नाही.

आणि तो तुझ्याकडे येणारच असेल तर त्याला कसा खेळवायचा ते पुन्हा एकदा लिहून देते, कारण तू विसरलायस. गेल्या मोसमात तुझी टीम पाहिली मी. सहाच्या सहा धटिंगण! समोरच्याला पाहिलं की धावून जायचं, दुसरं काही नाही. म्हणून दुसऱ्या फेरीत घरी येतोस. राग आला असेल तर येऊ दे.

हरकाम्याला सत्तराच्या वर डाव शिकवता येतात. त्याला मारता येतं, जखम भरता येते, जोडीदारापुढे ढाल होता येतं, समोरच्याला झोपवता येतं. पण मैदानात उतरताना कुठल्याही प्राण्याला चारच डाव नेता येतात, हा नियम सगळ्यांना सारखा. शिवाय याचं बळ मध्यम, वेग मध्यम, कातडी मध्यम. मग नवखे खेळाडू काय करतात, तर चार डावांत चार कामं कोंबतात. थोडं मारणं, थोडं जपणं, थोडं झोपवणं. असा हरकाम्या कोणाच्याच कामाचा राहत नाही. बाबांनी पहिल्यांदा तुझ्या खांद्यावरून डोकावून तो खारीच्या तोंडाचा सरडा पाहिला, त्याला काय काय येतं ते तुझ्याकडून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या. हा आपला हरकाम्या." नाव तिथेच पडलं.

त्याला काम द्यायचं ते एकच. बाकीच्या पाचांत जी उणीव असेल ती त्याने भरून काढायची. आणि ते काम कोणतं हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. सुरुवातीला दोघांनाही एकमेकांचे सहा प्राणी दिसतात. धटिंगण दिसला की कळतं, हा मारणार. कासव दिसलं की कळतं, हे बसून राहणार. हरकाम्या दिसला की काहीच कळत नाही. हा काय करेल याच्या विचारात समोरचा गुंततो आणि तेवढ्यात आपले बाकीचे काम उरकून घेतात. ताकद म्हणावी तर त्याची एवढीच.

प्रयोगशाळेत सध्या दिवसाला चार कवळ्या होतात. मालकांची नजर आता मंद झालीये, त्यामुळे दातांच्या छटा जुळवणं माझ्याकडेच आलंय. कोणाकोणाच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे समोर मांडून दिवसभर बसते. एकाही माणसाला कधी पाहिलेलं नाही, पण कोण झोपेत दात खातं ते मला नेमकं सांगता येतं.

येशील ना?

तुझी ताई

९ मार्च, शनिवार

धाकट्या,

टपालाला जाऊन-येऊन चार दिवस लागतात हे धरूनही तुझं काही आलेलं नाही. ठीक आहे. मी कुठे उत्तर मागितलं होतं.

मागच्या पत्रात चौथ्या डावाबद्दल लिहायचं राहिलं. तो तर खरा मुद्दा.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या स्पर्धेसाठी आपण हरकाम्याला तीन डाव वैद्याचे दिले होते. जखम भरणं, ढाल धरणं, जोडीदाराला उठवून उभं करणं. चौथा होता उलटी रांग. एरवी जो चपळ तो आधी खेळतो; ती घातली की पुढचे पाच हात, म्हणजे पाच पाळ्या, जो सर्वांत मंद तो सर्वांत आधी खेळतो. बाकीचे पाच आपण मुद्दाम मंद पण दणकट घेतले होते. लोक हसले. यांची टीम बैलगाडी आहे म्हणाले. पहिल्या फेरीपासून हरकाम्याने फक्त मलमपट्टी केली, त्यामुळे फायनलपर्यंत अख्ख्या हॉलची खात्री पटली होती की हा वैद्य आहे. मग फायनलला, तिसऱ्या हाताला, तू रांग उलटवलीस आणि समोरचा पोरगा खुर्चीतून उठून उभा राहिला.

ते चित्रण लोक अजून बघतात. खाली लिहितात, काय डोकं आहे या मुलाचं. मी वाचते. वाचून कन्सोल बंद करते आणि भांडी घासते. सात महिने माझ्या वहीत तो डाव शिजत होता हे कुठे लिहिलेलं नाही, आणि कुणी लिहावं असं माझं म्हणणंही नाही. बाबांच्या खाटेशेजारी बसून लिहिलेली वही ती. त्यांना औषध दिलं की अर्धा तास बसून राहावं लागे, तेवढ्यात एक पान होई.

तो चौथा डाव आधीच वापरायचा मोह तुला दोनदा झाला होता, आठवतं? दुसऱ्या फेरीत हरत आला होतास आणि सेमीफायनलला तर एकच प्राणी उरला होता. दोन्ही वेळा थांबलास, कारण मी बजावलं होतं, हरलो तर हरलो, पण शेवटपर्यंत दाखवायचा नाही. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये फोनवर फक्त खेळाचंच बोलायचं, घरचं काही नाही, हा नियम मात्र तुझा. आदल्या वर्षी बाबांशी तुझं फोनवर वाजलं आणि पुढचीच मॅच हरलास, तेव्हा तूच घातला होतास. हे मी उगाच उकरत नाहीये. नियम कोणाचा होता एवढंच सांगतेय.

त्या दिवसाबद्दल मला नव्याने सांगण्यासारखं काही नाही. तेव्हा सांगितलं तेच. बाबाच म्हणाले, पोराला खेळू दे, मध्येच बोलावू नको. मी त्यांचं ऐकलं. ते गेल्यावर वीस मिनिटांनी मी तुला फोन करून फायनलच्या सूचना दिल्या आणि एका शब्दाने कळू दिलं नाही, याचा राग तू धरलास, तो धरायचा तुला हक्क आहे. पण आता सहा वर्षं झाली. एवढा राग ठेवायला जागा तरी कुठून आणतोस?

उद्या अकराला मी खोलीत असेन.

ताई

१६ मार्च, शनिवार

धाकट्या,

मागच्या रविवारी तू आला नाहीस. काल मात्र तुझं कार्ड आलं. पोस्टमन दारात उभा असतानाच वाचलं, मग त्याला सही द्यायची होती तर पेन सापडेना. कार्डाला सही लागत नाही, ती शेजाऱ्यांच्या पाकिटाची होती, हेही मला नंतर कळलं.

दोनच ओळी. "हरकाम्या नको. त्या दिवशी बाबांनी माझं नाव घेतलं होतं का?"

अरे, काय विचारतोस हे? घेतलं असेलच ना. आजारी माणूस सगळ्यांची नावं घेतो. सकाळी एकदा तुझी चौकशी केल्याचं मला आठवतं. धाकटा कुठे गेलाय, असं काहीतरी. मी सांगितलं, स्पर्धेला. म्हणाले, बरं. मग म्हणाले, खेळू दे. त्यांना गुंगी होती, फार बोलत नव्हते. तुझ्यावर राग वगैरे काही नव्हता त्यांचा, तसलं मनात आणू नकोस. बाबा तुझ्या खेळाला नावं ठेवायचे ती वरवर. शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसाला बसून खेळणं म्हणजे काम वाटत नाही, एवढंच.

हरकाम्या नको म्हणतोस तर जबरदस्ती नाही. पण एकतीसनंतर तो राहणार नाही, मग मला बोल लावू नकोस.

तू जेवतोस ना वेळेवर? कार्डावरचं अक्षर फार बारीक वाटलं.

ताई

१७ मार्च, रविवार

धाकट्या,

कालचं पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं. ते टाकलं नाही. आज अकरा ते बारा रिकाम्या खोलीत बसले, मग हे लिहायला घेतलं. दोन्ही एकाच पाकिटातून पाठवतेय. कालचं फाडून टाकता आलं असतं, पण तुझ्या सरळ प्रश्नालाही मी आधी काय उत्तर लिहिलं होतं ते तुला दिसू दे. कालच्यातलं ते गुंगीचं, ते खेळू दे, सगळं खोटं आहे. सहा वर्षांपूर्वी सांगितलं तेही.

आता खरं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. चांगले शुद्धीत होते. पहिला शब्द तुझाच. "धाकटा कुठाय?" मी म्हटलं, स्पर्धेला गेलाय, काल नाही का तुमच्या पाया पडून गेला. म्हणाले, "बोलाव त्याला."

दहाला डॉक्टर आले. तपासून मला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर आत्ता बोलवा, संध्याकाळची वाट बघू नका. तुझ्या हॉलपासून घर गाडीने अडीच तास. दहाला निघाला असतास तर साडेबाराला दारात असतास. बाबा गेले तीन चाळीसला. हा हिशेब मी तेव्हाही केला होता, डॉक्टर जिना उतरत होते तेव्हाच.

दहा वाजून दहा मिनिटांनी मी तुला फोन केला. तू म्हणालास, "ताई, पटकन बोल, पहिली फेरी लागलीये." मी म्हटलं, "हरकाम्याला डावीकडे ठेव. चौथा डाव काढायचा नाही, काही झालं तरी." तू म्हणालास, "बाबा?" नियम तुझा होता, पण तरी तू विचारलंस. आणि मी म्हटलं, "झोपलेत. तू खेळ."

बाराला त्यांनी विचारलं, "निघाला का?" मी म्हटलं, निघाला.

हे एकदा म्हटल्यावर पुढचं सगळं ओघाने आलं, धाकट्या. तू निघालायस म्हटल्यावर त्यांच्यात कुठून बळ आलं कोण जाणे. म्हणाले, "मला बसव. पोरगं दमून येईल, त्याला मी आडवा दिसायला नको." मी उशा लावून बसवलं. केस विंचरायला लावले. निळा सदरा मागितला, तो घातला तर वरचं बटण लावायचा हट्ट. त्या मानेला ते बटण कसं टोचत असेल! मी लावलं. एक वाजता त्यांनी विचारलं, "गाडी लेट आहे का?" मी म्हटलं, थोडी. मग मी गॅलरीत जाऊन तुला दुसऱ्या फेरीनंतरचा फोन केला. तू सांगत होतास, हरता हरता वाचलो, पण चौथा काढला नाही. मी म्हटलं, शाब्बास.

अडीचला म्हणाले, "आल्यावर त्याला ओरडू नको. मीच ओरडलोय आयुष्यभर." मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला सांगायचंय, तो जिंकलेलं मी पेपरात वाचतो. कात्रणं मशिनच्या खणात आहेत." आहेत. नंतर पाहिली मी. सात आहेत, शेवटचं तर दोन ओळींचं, तुझं नावही चुकीचं छापलेलं. ती मी तुला दिली नाहीत, कारण दिली असती तर, ती खणात आहेत हे बाबांनी कधी सांगितलं, असा प्रश्न तू केला असतास आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. या पाकिटात आहेत ती. मोजून घे.

तीनला विचारलं, "कुठवर आला?" मी म्हटलं, स्टेशनवर उतरला. ते म्हणाले, "मग दार उघडं ठेव." मी जाऊन दार उघडलं. जिन्यात पावलं वाजली की ते मान उचलायचे. दोनदा उचलली. वरच्या मजल्यावरचे लोक होते. तिसऱ्यांदा पावलं वाजली तेव्हा मान उचलली नाही.

मी त्यांचे डोळे मिटले, दार लावलं, तुला फोन केला. फायनलचं सांगितलं. समोरचा पोरगा पहिले दोन हात फक्त अंदाज घेतो, तिसऱ्याला रांग उलटव. माझा आवाज थरथरला नव्हता. तू नंतर मला तेच म्हणालास ना, "तुझा आवाजसुद्धा बदलला नाही गं." खरं आहे.

का केलं म्हणून विचारशील. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की वाटलं, संध्याकाळपर्यंत टिकतील. वाटलं होतंही, दहा टक्के. उरलेलं असं, की मला जिंकायचं होतं. चार वर्षं मी प्रयोगशाळा आणि खाट, खाट आणि प्रयोगशाळा करत होते. तू हॉलमध्ये, तुझं नाव फलकावर, आणि मी घरात औषधांच्या वेळा सांभाळत. आयुष्यात एकच गोष्ट माझ्या डोक्यातून निघालेली होती आणि ती त्या दिवशी चारनंतर उघडणार होती. तुला बोलावलं असतं तर ती वहीतच राहिली असती. चौथा डाव कोणाला दाखवायचा नाही, शेवटपर्यंत झाकायचा, हे समोरच्या खेळाडूसाठी होतं. मी तेच बाबांशी केलं, तुझ्याशी केलं. मला तेव्हा ते हुशारीचं वाटलं, हे सगळ्यात वाईट.

आणि तू घरी आलास, कप अजून पिशवीत, आणि माझ्याकडे पाहिलंस, तेव्हा मी घाबरले. तोंडातून निघून गेलं, बाबाच म्हणाले खेळू दे. मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही. मला वाटलं, याने तुलाही बरं वाटेल. तू मात्र कोपऱ्यात बसून एवढंच म्हणालास, "म्हणजे त्यांना मी नको होतो." ते मी ऐकलं. ऐकून चहा टाकायला गेले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. घेतलं होतं. दिवसभर घेत होते. दुसरं कोणाचं नाव घेतलं नाही, माझंसुद्धा नाही. त्यांना तूच हवा होतास.

हे वाचून तू मला कधी तोंड दाखवणार नाहीस हे मला कळतं. लिहायला बसले तेव्हाच कळत होतं. तरी बाबांनी तुला नको म्हटलं असं मनात धरून तू अजून एक दिवसही काढावास, हे आता मला सोसत नाही.

पुढच्या रविवारी अकराला मी खोलीत असेन. येऊ नयेसं वाटलं तर येऊ नकोस.

ताई

२५ मार्च, सोमवार

धाकट्या,

काल तू आलास.

मी पावणेअकरापासून बसले होते. अकरा वाजून दोन मिनिटांनी तुझं टोपीवालं चित्र खोलीच्या दारात उगवलं. अजून तीच लाल टोपी ठेवलीयेस. मला वाटलं, सरळ देवाणघेवाण करशील आणि जाशील. तर तू आव्हान पाठवलंस. मॅच. मी दोनदा वाचलं आणि मग हो दाबलं.

तुझे सहा पाहिले, सगळे जुने. माझे सहा तर तुला पाठच. मी हरकाम्या डावीकडे ठेवला, सवयीने. त्याचे चारही डाव तुला ठाऊक, झाकण्यासारखं काहीच नव्हतं. तुझ्याशी असं उघडपणे मी पहिल्यांदाच खेळले.

एका हाताला पंचेचाळीस सेकंद मिळतात. तू तीन सेकंदांत बटण दाबणारा. किती ओरडायचे मी तुला, अरे वेळ दिलाय तो विचार करायला दिलाय, तुला काय गाडी पकडायचीये? काल पहिल्या हाताला तू पंचेचाळीसच्या पंचेचाळीस घेतलेस. मला वाटलं, लाइन गेली. दुसऱ्या हाताला पुन्हा तेच. तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं आणि मग मीही घाई केली नाही. तू विचार करत नव्हतास, कारण डाव सगळे साधे होते, लहान मुलालाही सुचतील असे. नुसता थांबत होतास. मी पण थांबले. एका मॅचला वीस मिनिटं असतात, ती आपण सगळी संपवली. हरकाम्याला तू एकदाही मारलं नाहीस. मी त्याला रांग उलटवायला लावली नाही. वेळ संपला तेव्हा तुझा एक प्राणी जास्त उभा होता, म्हणून तू जिंकलास.

मग देवाणघेवाणीची पाटी उघडलीस. हरकाम्या नको म्हणाला होतास, तरी मी तो पुढे ठेवला आणि तू घेतलास. बदल्यात काहीतरी द्यावंच लागतं, नाहीतर गेम सोडत नाही. तू एक अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू ठेवलंस. मी हो म्हटलं. तुझं टोपीवालं चित्र आणखी दोन-चार सेकंद तिथे उभं होतं, मग गेलं.

पिल्लू उघडून पाहिलं ते तू गेल्यावर. त्या खोलीत बोलायची सोय नाही असं मी तुला लिहिलं होतं. पण ज्याचा प्राणी असेल त्याला त्याचं नाव ठेवता येतं, दहा अक्षरांपर्यंत. तू त्याचं नाव ठेवलंयस, "लिहू नको".

खाली जन्माची वेळ असते. काल सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं. म्हणजे मला काय द्यायचं ते तू आधीच ठरवलं होतंस. नऊला अंडं फोडलंस, नाव लिहिलंस, अकराला आलास आणि हे माझ्या हाती ठेवण्याआधी वीस मिनिटं माझ्यासमोर बसलास.

पहिल्यांदा राग आला. सगळं खरं सांगून मला हे मिळालं, असं एकदा मनात आलं, नाही म्हणणार नाही. मग प्रयोगशाळेत गेले, रविवारी कोणी नसतं. एक वरची कवळी मेणात बसवायची राहिली होती ती बसवली. मग रडले. मालकांच्या खुर्चीत बसून रडले, त्यांनाही सांगणार नाही.

तू सांगितलंयस म्हणून हे टाकत नाहीये. हे तुझ्यापर्यंत येणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. तू नऊला ठरवून आला होतास तरी मला वाटत होतं, मॅच सुरू असताना तुझा विचार बदलेल. प्रत्येक हाताला वाटत होतं. शेवटच्या पंचेचाळीस सेकंदांतही वाटत होतं. जिन्यात पावलं वाजली की बाबांना काय होत असेल ते मला काल पहिल्यांदा कळलं.

मला तुझी वीस मिनिटं मिळाली, धाकट्या. बाबांना तीही मिळाली नाहीत, माझ्यामुळे.

ताई